कोष्टीपुऱ्यातला राऊंड

१९७१ च्या एप्रिलमध्ये मला मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला नापास केलं ते परीक्षकांनी नव्हे, पेशंटने. परीक्षकांनी फक्त सही केली.

पेशंटचं नाव नत्थूजी. कोष्टीपुऱ्यातले विणकर, वय पन्नाशीचं, अंगाने काडी. पण छातीत असं हृदय की आमच्या मास्तरांना त्याचा लळाच लागला होता. लहानपणीच्या कसल्याशा तापाने त्यांच्या हृदयाची एक झडप आवळून गेली होती. त्यातून रक्त जाताना जी घरघर व्हायची ती पुस्तकात लिहिल्याबरहुकूम, ठरल्या जागी, ठरल्या वेळी ऐकू यायची. गोळ्यांवर त्यांचं बरं चाललं होतं. अर्धा दिवस ते मागावर बसत, अर्धा दिवस त्यांची बायको. पण वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, कॉलेजचं पोस्टकार्ड जायचं आणि नत्थूजी धुतलेलं धोतर नेसून 'परीक्षेची केस' व्हायला हजर व्हायचे. खिडकीजवळची खाट, सकाळी दूध, दुपारी उकडलेलं अंडं. नऊ वर्षं हा रिवाज चालू होता.

दुसराही एक रिवाज होता. कोणत्या खाटेवर कोणता रोग, हे परीक्षेच्या आदल्या दिवशीच फुटायचं. वॉर्डबॉय भैयाजी कचोरी खाता खाता सगळा नकाशा सांगून टाकत. त्यामुळे मला चिठ्ठीत खाट नंबर सात, म्हणजे नत्थूजींची, आली तेव्हा मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. एक तास मिळाला होता. मी चार पानं मोत्यासारख्या अक्षरात लिहून काढली. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला. म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला त्रास द्यायचा, असा माझा मोठेपणा.

जबलपूरहून आलेल्या परीक्षकांनी माझं पाठांतर मान डोलवत ऐकलं. जाता जाता त्यांनी नत्थूजींना सहज विचारलं, "क्यों बाबा, लड़के ने ठीक से देखा न?"

"नाही साहेब," नत्थूजी म्हणाले. "याले सगळं पहिलेच मालूम होतं. मले हातबी नाही लावला. लय हुशार पोरगा आहे."

शेवटचं वाक्य त्यांनी मनापासून, कौतुकाने म्हटलं होतं. मी दुसऱ्यांदा नापास झालो. पहिल्यांदा झालो होतो ते निव्वळ स्वतःच्या कर्तबगारीवर.

निकाल कळल्यावर बाबा नरखेडहून एस.टी.ने आले. आमचं गाव तिथून चार कोस, घरची संत्र्याची बाग. बाबा, म्हणजे वामनराव, ओरडणाऱ्यातले नव्हते. होस्टेलच्या खोलीत खुर्चीवर टोपी काढून बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मधू, अजून एक डाव खेळून पाह्य. ऑक्टोबरात नाही जमलं तं घरी ये. विहिरीवर नवा पंप बसवून राहिलो. त्याच्याकडे पाहाले भरवशाचा माणूस पाहिजेच." ते रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणाची त्यांनी पंपाशी सोयरीक जुळवूनसुद्धा टाकली होती.

मला डॉक्टर व्हायचं होतं. आमच्या गावात डॉक्टर म्हणजे दर बुधवारी एस.टी.ने येणारा एक कंपाउंडर. तो उतरला की ओट्यावर बसलेल्या आजारी माणसांचे चेहरे जे उजळत, ते मी लहानपणी वेशीवर उभा राहून पाहिले होते. मला ते चेहरे हवे होते. त्यासाठी काय करावं लागतं याचा मात्र मी काडीचा विचार केला नव्हता, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मी एवढाच विचार केला की नत्थूजींना जाऊन जाब विचारायचा.

कोष्टीपुऱ्यातल्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांची खटखट सुरू होते. नत्थूजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. मला पाहून त्यांनी धोटा थांबवला.

"काहून आला गा बाबू?"

"भांडाले."

"मंग बस. उभ्यानं भांडशील तं थकशील."

कॉलेजात मी मोठ्या कष्टाने शुद्ध बोलायला शिकलो होतो, पण राग आला की माझी गावची बोली बाहेर पडते. वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, न विचारता चहा आणून ठेवला. भांडायला आलेल्या माणसाला चहा देऊ नये. त्याचं निम्मं बळ तिथेच जातं.

"एक शब्द बोलायचा होता," मी म्हटलं. "हो, पाहिलं, इतकंच. तुमचं काय जात होतं?"

"पाहिलं असतं तं म्हटलं असतं गा."

"पण रोग तर बरोबर लिहिला होता की मी."

"रोग माह्याच छातीत आहे. तो बरोबर आहे हे मले नऊ वर्सांपासून मालूम आहे." नत्थूजी हसले. "एक पोरगा माह्या पोटावर वही ठेवून लिहे. एकानं सदरा काढाले लावला अन् तो निघून गेला. दुपारपर्यंत मी तसाच उघडा लेटून. सदरा घालू का नको घालू, कोणाले इचारू?"

"परीक्षेत घाई असते. आणि तुम्हाला काय करायचं असतं? नुसतं लेटायचं तर असतं."

हे वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. नत्थूजींनी बायकोकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसताहेत हे मला तेव्हा कळलं नाही.

"रविवारी ये," नत्थूजी म्हणाले. "सकाळी आठ वाजता. उपाशी पोटी ये. तुले परीक्षा कशी पास कराची ते दाखवतो."

पास हा शब्द ऐकल्यावर मी कुठेही गेलो असतो.

रविवारी त्यांच्या अंगणात एक खाट टाकलेली होती. नत्थूजी, वच्छलाबाई, शेजारचे चंद्रभान आणि आणखी दोन विणकर हात मागे बांधून रांगेत उभे होते. "सदरा काढ. लेट," नत्थूजी म्हणाले. मला वाटलं गंमत आहे. मी हसत हसत सदरा काढला. वच्छलाबाईंनी तो उचलला आणि घडी घालून आत नेला.

मग पाचही जण खाटेभोवती जमले आणि माझ्यावर वाकले. ताण्याचा धागा तुटला की विणकर जसे वाकतात, तसे. कोणी माझ्याशी बोललं नाही. नत्थूजींचा हात आत्ताच रांजणातून काढल्यासारखा गार होता. तो त्यांनी सरळ माझ्या पोटावर ठेवला. मी दचकलो तर म्हणाले, "हलू नोको."

"ताण्याले ढील आहे," ते बाकीच्यांना म्हणाले.

"खळ कमी पडली असंन," एक जण म्हणाला.

"खळीचं नाही हे. फणीपासूनच गेलं आहे." हे चंद्रभान. त्यांनी माझ्या बरगड्यांखाली उजवीकडे दोन बोटं दाबली, थांबले, पुन्हा दाबली. मग त्यांचे डोळे बारीक झाले, मान वर गेली आणि ते तसेच गप्प राहिले. बराच वेळ.

"काय आहे तिथं?" मी विचारलं.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. नत्थूजींनी चंद्रभानांना हळूच विचारलं, "याच्या घरी सांगतलं काय?"

"अजून नाही."

"नोका सांगू. उद्या पाहू." आणि पाचही जण आत चहा प्यायला निघून गेले.

मी अंगणात उघडा पडून राहिलो. ऊन अंगावर येत चाललं होतं. गल्लीतून पाणी भरायला जाणाऱ्या दोन बाया दारात थबकल्या, माझ्या बरगड्या पाहिल्या, एकमेकींच्या कानात काही बोलल्या आणि चुकचुकत पुढे गेल्या. भूक सपाटून लागली होती. लघवीला जायचं होतं, पण सदरा नाही आणि कोणाला विचारायचं ते कळेना. आतून कुजबूज ऐकू येत होती, मध्येच कोणीतरी "बिचारा" म्हणाल्यासारखं वाटलं.

हे सगळं नाटक आहे हे मला ठाऊक होतं. ही माणसं विणकर आहेत, ढील आणि खळ आणि फणी हे मागाचे शब्द आहेत, माझ्या पोटाशी त्यांचा काही संबंध नाही, हेही ठाऊक होतं. तरीही मी, मेडिसिनच्या तीन जाड पुस्तकांचं पारायण केलेल्या माणसाने, चोरून स्वतःची नाडी मोजली. एकशे दहा. मग इकडेतिकडे पाहून उजव्या बरगड्यांखाली बोटं घातली. काही लागलं नाही. पण न लागणारे रोगही असतात, ते मी पुस्तकात वाचले होते, आणि ते सगळे एकेक करून मला आठवायला लागले. लिव्हरपर्यंत पोहोचलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी जमलं होतं. मला गावची, आईची आणि हो, पंपाचीसुद्धा आठवण आली.

वीस मिनिटांनी वच्छलाबाई एकट्या बाहेर आल्या. त्यांनी सदरा माझ्या छातीवर पसरला आणि म्हणाल्या, "ऊन लागलं काय रे बापा? मोरी त्या तिकडं आहे, जाऊन ये."

मी मोरीतून परत आलो तो सगळं अंगण हसत होतं. नत्थूजींना हसताना धाप लागली म्हणून त्यांना खाली बसवावं लागलं. मी आधी खूप चिडलो. मग मीही हसायला लागलो, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवेना.

"चंद्रभानजी, खरंखरं सांगा. उजवीकडं हात ठेवून तुमी इतका वेळ काहून थांबले होते?"

"काई नाही गा," चंद्रभान ओशाळून म्हणाले. "मले शिंक येऊन राहिली होती. आलीच नाही."

त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवलो आणि पुढचे सहा महिने प्रत्येक रविवारी जेवलो. नत्थूजी मला काही शिकवत नसत. ते फक्त खाटेवर पडून राहत आणि मी चुकलो की सांगत. चहाच्या पेल्याभोवती हात गरम केल्याशिवाय त्यांच्या छातीला हात लावायचा नाही. सदरा काढायला सांगितला तर परत घालायलाही सांगायचं. दाबण्याआधी दाबतो म्हणायचं. आणि तपासून झालं की काय सापडलं ते पेशंटला सांगायचं, त्याला कळेल अशा शब्दांत. हे शेवटचं मी सारखा विसरायचो. मला आवाज सापडला की मी आनंदाने डोळे मिटून घ्यायचो आणि नत्थूजी खालून म्हणायचे, "सापडला असंन तं आमालेबी सांग. हृदय आमचं आहे."

त्या हृदयाचा आवाज मला इतका पाठ झाला की गल्लीतल्या मागांच्या खटखटीतही तो वेगळा काढता येई. पुस्तकाने दोन वर्षांत जे जमवलं नव्हतं ते या रविवारांनी जमवलं. ऑक्टोबरची परीक्षा आली तेव्हा भैयाजींच्या कचोरीची मला गरज वाटली नाही. मी नकाशा न विचारताच गेलो. हा माझा प्रामाणिकपणा नव्हता, माज होता.

परीक्षेसाठी एका मोठ्या हॉलमध्ये खाटा मांडल्या होत्या. बाहेरचे परीक्षक या वेळी रायपूरचे होते, बुटके, बारीक काचांच्या चष्म्याचे, न हसणारे. मी चिठ्ठी उचलली. खाट नंबर सात.

पाहिलं तर खिडकीजवळ धुतलेलं धोतर. माझं काळीज असं उडालं की काय सांगू. सहा महिने ज्या हृदयाशी माझं येणंजाणं होतं तेच माझ्या पुढ्यात. मी पास झालो होतो, फक्त तासभर बसून राहायचं होतं. मी खाटेजवळ गेलो, तेवढ्यात नत्थूजी उठून बसले आणि परीक्षकांना मोठ्याने म्हणाले, "साहेब, हा पोरगा सहा महिन्यांपासून दर रविवारी माह्या घरी जेवते. याले दुसरी खाट द्या."

हॉलमधली सगळी डोकी वळली. मी नत्थूजींकडे ज्या नजरेने पाहिलं तशी कोणाकडे पाहण्याची वेळ माझ्यावर पुन्हा आली नाही. ते मात्र शांत होते. "भेऊ नोको," ते पुटपुटले. "दुसऱ्याचंबी पाहता येते तुले."

परीक्षकांनी चष्म्यावरून मला न्याहाळलं. "खाट नंबर अकरा," ते म्हणाले. "दहा मिनिटं गेली आहेत. ती परत मिळणार नाहीत."

अकरा नंबरवर भिंतीकडे तोंड करून एक बाई झोपली होती. नाव जयवंताबाई, वय पंचेचाळीस, राहणार काटोलकडच्या एका खेड्यात. चेहरा हळद उतरल्यासारखा फिकट. तिच्याविषयी मला भैयाजींकडून काहीही कळलेलं नव्हतं. ऑक्टोबर, पंप, बाबांची टोपी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मग दुसरं काहीच सुचेना म्हणून मी हात एकमेकांवर चोळून गरम केले, सिस्टरला पडदा ओढायला सांगितला आणि स्टुलावर बसलो.

"मावशी, खोकला येतो?"

"येते."

"ताप?"

"येते."

"छातीत दुखतं?"

"दुखते."

"पायाला मुंग्या, डोकेदुखी, उलटी?"

"हो, हो, हो."

सगळ्याला हो. एका माणसाला एवढे रोग असते तर ती खाटेपर्यंत पोहोचलीच नसती. मी पाच मिनिटं लिहीत राहिलो आणि मग मला शंका आली. मी म्हटलं, "मावशी, रात्री झोपल्यावर डावा गुडघा वाजतो का? घुंगरू वाजल्यासारखा?"

तिने क्षणभर विचार केला. "वाजते," ती म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. शुद्ध मराठीही खाली ठेवली. "मावशी, हे इथं काय चाललं आहे असं वाटते तुमाले?"

"परीक्षा."

"कोणाची?"

"माही," ती म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "काल सिस्टरबाईनं सांगतलं, उद्या परीक्षा आहे, आंघोळ करून बसजो, नीट उत्तरं देजो. सकाळपासून चार पोरं आले इचाराले. पयल्याले मी खरं सांगतलं, नाही-नाही म्हटलं, तं त्याचं तोंडच उतरलं. म्हटलं चुकलं वाटते. मंग हो-हो म्हणाले लागली." तिचा आवाज कापत होता. "नापास झाली तं घरी धाडतीन. घरी गेली तं मी काही वाचत नाही गा."

मला हसू आलं नाही. एप्रिलपूर्वी आलं असतं. मी उघड्या अंगणातल्या त्या खाटेवर वीस मिनिटं पडून आलो होतो आणि तिथे माझा तर रोगही खोटा होता.

"मावशी, परीक्षा तुमची नाही," मी म्हटलं. "तुमाले कोणी घरी धाडत नाही. परीक्षा माही आहे. तिसऱ्यानं बसलो."

"तिसऱ्यानं? दोनदा नापास?"

"दोनदा."

"बाप काय म्हणते?"

"आता नापास झालो तं बागेतल्या पंपावर बसवतो म्हणते."

जयवंताबाई माझ्याकडे पाहत राहिली. मग तिच्या फिकट ओठांवर हसू आलं, आणि ती उशी सरकवून नीट उठून बसली. "अरे माय," ती म्हणाली. "मंग पहिलेच नाही का सांगाव? इचार काय इचारतं ते. सगळं खरंखरं सांगते."

आणि तिने सांगितलं. खोकला नव्हता, ताप नव्हता, गुडघा वाजत नव्हता. दोन वर्षांपासून जिना चढल्यासारखी धाप सपाट जमिनीवर लागत होती. वर्षानुवर्षं ती संत्र्याच्या बागांत मजुरीला जायची, झाडांच्या ओल्या आळ्यांमध्ये अनवाणी. बागेत कोण चपला घालतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मीच घालत नव्हतो. मग ती थांबली, पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक अजून आहे. हसशील."

"नाही हसत."

"मी माती खाते. चुलीची, भाजलेली. राहवतच नाही गा, पोटातून ओढ लागते. सासूनं पाहिलं तं म्हणे भूत लागलं हिले. तवापासून लपून खाते. कोणाले सांगतलं नाही."

मी तिला विचारून पापणी खाली ओढली. आत पांढरं फटक. नखं चमच्यासारखी खोलगट झालेली. मग छातीला स्टेथोस्कोप लावला आणि हृदयातून एक सूं असा आवाज आला. क्षणभर मोह झाला. झडप! आधीच्या चौघांनी नक्की झडपच लिहिली असणार. पण नत्थूजींची झडप माझ्या कानात घर करून होती आणि हा आवाज तिच्या नात्यातलाही नव्हता. हे पातळ रक्त जोराने धावतंय, बाकी काही नाही, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, खात्री होती.

परीक्षक आले. माझं लिहिणं अर्धंच झालं होतं, म्हणून मी तोंडीच सांगितलं. हृदय चांगलं आहे. बाईच्या अंगात रक्त नाही. अनवाणी पायांतून शिरलेले आतड्यातले जंत ते वर्षानुवर्षं पीत आहेत. आणि ती माती खाते, हा त्याचा पुरावा.

"माती?" परीक्षकांनी केसपेपर चाळला. "इथे तर तसं काही नोंदलेलं नाही. तीन आठवड्यांपासून ही बाई वॉर्डात आहे. मनाने रचताय?"

"नाही सर."

ते खाटेकडे वळले. "बाई, तुम्ही माती खाता?"

जयवंताबाईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हा पोरगा पास आहे काय, ते पहिले सांगा," ती म्हणाली. "मंग सांगीन."

आमच्या कॉलेजचे सर शेजारी उभे होते, त्यांना खोकल्याची उबळ आली. परीक्षकांनी चष्मा सारखा केला. "आणि पास नसेल तर?"

"तं मी माती नाही खात."

मला वाटलं जमीन फाटावी आणि पंपासकट मला पोटात घ्यावं. पण त्या न हसणाऱ्या माणसाच्या मिशा थरथरायला लागल्या. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पास आहे."

"पक्कं?"

"पक्कं, बाई."

"मंग खाते," जयवंताबाई म्हणाली. "दोन वर्सांपासून."

त्यानंतरची दहा मिनिटं मी हवेत होतो. परीक्षकांनी इंग्रजीत विचारावं आणि मी इंग्रजीत सांगावं. रक्त किती टक्के असेल, जंतांचं औषध कोणतं, लोह किती, बाटली चढवावी की नाही. मला सगळं येत होतं. माझ्या आवाजाला धार आली होती. मी पास होतो! मला गावच्या ओट्यावरचे चेहरे दिसत होते, बाबा पंपासाठी दुसरा माणूस शोधताना दिसत होते. आमचे सरही चर्चेत पडले. आम्ही तिघं खाटेवरून एकमेकांशी बोलत होतो, आणि मला वाटतं मी आनंदाने डोळेही मिटले असतील.

"अन् माह्यं काय?" खालून आवाज आला.

मी खाली पाहिलं. जयवंताबाई चादर मुठीत धरून आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होती. माझं काय झालं हे तिला कळलं होतं. तिचं काय झालं ते कोणी सांगितलंच नव्हतं. मला अंगाला चटका बसल्यासारखं झालं. सहा महिन्यांचे रविवार, आणि पास म्हटल्याबरोबर मी शेवटचा धडा जसाच्या तसा विसरलो होतो.

परीक्षकांनी बाजूचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. "सांगा त्यांना, डॉक्टर," ते म्हणाले.

मला डॉक्टर म्हणणारे ते पहिलेच. मी बसलो. तिला सांगितलं की भूत नाही, काही नाही. पोटात सुतासारखे बारीक किडे झाले आहेत, ते रक्त पितात म्हणून धाप लागते. औषधाने ते पडतील. मग लोहाच्या गोळ्या, चार-सहा महिने. काही कापायचं नाही. हृदय धडधाकट आहे. बागेत जाताना पायांत चपला घालायच्या. आणि मातीची ओढ महिन्याभरात आपोआप जाईल, कोणी सोडवायची गरज नाही.

"म्हणजे मी मरत नाही?"

"नाही मावशी."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हटलं, आणि माझ्यामागून परीक्षकही "पक्कं" म्हणाले.

तिने मूठ सोडली. चेहरा हळूहळू बदलत गेला. ओट्यावरच्या माणसांचे बदलायचे तसाच, फक्त या वेळी मी वेशीवर उभा नव्हतो. तिचे डोळे भरून आले आणि लगेच तिला रागही आला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "मंग तीन हप्त्यांत एकानंबी काहून नाही सांगतलं?"

आमचे सर केसपेपरकडे पाहू लागले, मी माझ्या बुटांकडे. शेवटी परीक्षकांनी चष्मा काढून हातात घेतला.

"चुकलं आमचं, बाई," ते म्हणाले.

जयवंताबाईने त्यांना नीट निरखून पाहिलं. बुटका माणूस, उघडे डोळे, हातात चष्मा. मग तिने मान हलवली.

"बरं," ती म्हणाली. "तुमीबी पास."